खालून आलेला स्फोट : इराकमधील हमवी, एमरॅप आणि दोन वर्षांचा उशीर

मार्च २००३ मध्ये अमेरिकी फौजा कुवेतची सीमा ओलांडून इराकमध्ये शिरल्या, तेव्हा त्यांच्यासोबत हजारो हमवी गाड्या होत्या. १९८० च्या दशकात जुन्या जीपच्या जागी आलेली ही गाडी चिखल, वाळू, चढ-उतार सगळीकडे चालत होती, दुरुस्त करायला सोपी होती आणि सैनिकांची लाडकीही होती. रुंद, बुटकी, सपाट तळाची, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, आणि बहुतेक गाड्यांना कापडी किंवा हलके दरवाजे. पुढे रणगाडे लढतील आणि मागे हमवी माणसे, दारूगोळा, वायरलेस संच वाहून नेतील, असे तिचे काम ठरले होते. सोव्हिएत फौजेशी युरोपात युद्ध झाले तर आघाडीच्या मागे वापरायची ही गाडी होती.

इराकमध्ये काही आठवड्यांत आघाडीच उरली नाही. बगदाद पडले, पण बगदादहून विमानतळाकडे जाणारा रस्ता, फलुजा आणि रमादीमधून पश्चिमेकडे जाणारा महामार्ग, रसद नेणाऱ्या ताफ्यांच्या वाटा, हेच रणांगण झाले. इराकी सैन्याने सोडून दिलेल्या कोठारांत तोफगोळ्यांचा अमाप साठा होता आणि त्यावर पहारा ठेवायला पुरेशी माणसे नव्हती. दोन-तीन तोफगोळे एकत्र बांधायचे, रस्त्याकडेच्या कचऱ्यात किंवा मेलेल्या जनावराखाली दडवायचे आणि गॅरेजच्या रिमोटने, कॉर्डलेस फोनने किंवा मोबाइलने उडवायचे. आयईडी म्हणतात ते हेच. युद्धाच्या पुढच्या वर्षांत इराकमध्ये लढताना मारल्या गेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी निम्म्याहून अधिक जण अशा स्फोटांत गेले.

या प्रकरणाकडे पाहण्याचे कारण हे, की जगातल्या सर्वांत श्रीमंत सैन्याला या धोक्यावरचे उत्तर शोधून काढायचे नव्हते. ते आधीच सापडलेले होते, विकत मिळत होते आणि त्याच सैन्याच्या काही तुकड्या ते वापरतही होत्या. तरीही ते सर्वांपर्यंत पोहोचायला काही वर्षे लागली. ही वर्षे कुठे गेली, हे समजून घेतल्याशिवाय चिलखताचा विचार अर्धवट राहतो.

पहिले उत्तर : बाजूने पत्रे

२००३ च्या उन्हाळ्यात सैनिकांनीच पहिले उत्तर दिले. भंगारातले पोलादी पत्रे कापून दरवाज्यांवर वेल्डिंग करायचे, मागच्या हौद्यात वाळूची पोती रचायची, जमिनीवर जाड रबर टाकायचे. डिसेंबर २००४ मध्ये कुवेतच्या छावणीत संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड सैनिकांसमोर आले, तेव्हा टेनेसी नॅशनल गार्डच्या एका सैनिकाने त्यांना थेट विचारले, की आम्हाला कचऱ्याच्या ढिगांतून भंगार लोखंड आणि तडकलेल्या बुलेटप्रूफ काचा का उकराव्या लागतात? सभेतल्या इतर सैनिकांनी टाळ्या वाजवल्या. रम्सफेल्ड यांच्या उत्तराचा आशय असा होता, की हाताशी जे सैन्य असते ते घेऊनच युद्धाला जावे लागते, हवे तसे सैन्य घेऊन नाही. पुढे त्यांनी असेही सांगितले, की रणगाड्यावर कितीही चिलखत असले तरी तोही उडवता येतो. वाक्य म्हणून त्यात चूक काहीच नाही. पण ते ज्याला उद्देशून होते तो माणूस लवकरच त्याच गाडीत बसून सीमा ओलांडणार होता, आणि त्याला हे उत्तर पुरेसे नव्हते.

सैन्य स्वस्थ बसले होते असे मात्र नाही. कारखान्यातूनच चिलखत चढवून येणारी एम-१११४ ही हमवी १९९० च्या दशकातच तयार झाली होती. युद्धाच्या सुरुवातीला इराकमध्ये अशा गाड्या मोजक्याच होत्या. सप्टेंबर २००४ पर्यंत मागणी आठ हजारांवर गेली. जुन्या गाड्यांवर बसवायचे चिलखती संच आले, त्यांच्या सुधारित आवृत्त्या आल्या. दरवाजे इतके जड झाले की स्फोटानंतर वाकलेला दरवाजा आतून उघडणे जखमी माणसाला अशक्य होऊ लागले. इंजिन तापायचे, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन लवकर झिजायचे. या चिलखताचा उपयोग झाला, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. रस्त्याच्या कडेला फुटलेल्या तोफगोळ्याचे छर्रे आणि रायफलच्या गोळ्या यांपासून एम-१११४ ने असंख्य जीव वाचवले.

मग हल्लेखोरांनी स्फोटके कडेवरून उचलली आणि रस्त्याखाली पुरली.

तळाशी काय घडते

गाडीखाली सुरुंग फुटतो तेव्हा काय होते हे थोडे तपशिलात पाहू, कारण सगळे प्रकरण त्यावर उभे आहे.

मातीत पुरलेले स्फोटक फुटले की तापलेले वायू आणि त्यांच्यासोबत उडालेली माती एका झोतासारखी वर येते. हा झोत गाडीच्या तळावर काही मिलिसेकंदांत आदळतो. तळ सपाट असेल आणि जमिनीपासून जवळ असेल, तर झोताला बाजूला जायला वाव मिळत नाही. तो तळाखाली कोंडला जातो आणि जवळजवळ सगळा रेटा गाडीला वर ढकलण्यात आणि तळाचा पत्रा आत फुगवण्यात खर्ची पडतो. हमवीचा तळ जमिनीपासून साधारण ४० सेंटिमीटर वर आणि सपाट. म्हणजे स्फोटासाठी याहून सोयीची रचना मुद्दाम करायची म्हटली तरी अवघड.

यात तीन गोष्टी ठरवतात की आतला माणूस जगेल का. पहिली, अंतर. स्फोटाचा दाब अंतराबरोबर अतिशय वेगाने घटतो. तळ अर्धा मीटर वर उचलला तरी फरक मोठा पडतो. दुसरी, आकार. तळ नावेसारखा इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात दुमडला, तर झोत तिरक्या पत्र्यांवर आदळून दोन्ही बाजूंना निघून जातो आणि गाडीला वर फेकणारा रेटा कमी होतो. तिसरी, वजन. तोच रेटा साडेचार टनांच्या गाडीला जितक्या वेगाने वर फेकेल, त्याच्या साधारण चौथाई वेगाने सतरा टनांच्या गाडीला फेकेल. माणसाच्या मणक्याला कळतो तो हा वेग.

पण तळ फुटला नाही म्हणजे माणूस वाचला, असेही नाही. जमिनीवर टेकलेले पाय तळाच्या धक्क्याने घोट्यापासून चिरडतात. आसन तळाला जोडलेले असेल तर धक्का सरळ कमरेच्या मणक्यात जातो. पट्टा बांधलेला नसेल तर माणूस छतावर आपटतो, मान मोडते. म्हणून चांगल्या सुरुंगरोधक गाडीत आसने छताला किंवा भिंतींना टांगलेली असतात, चार टोकांचे पट्टे असतात, पाय ठेवायची पाटी खऱ्या तळापासून सुटी असते. चाके आणि ॲक्सल मुद्दाम बळी देण्यासाठी असतात. ती तुटून उडून जावीत आणि जाताना स्फोटाची ताकद घेऊन जावीत, हाच हेतू. नंतर नवे चाक बसवता येते.

केवळ वजन वाढवून भागत नाही, याचा सर्वांत वेदनादायक पुरावा ३ ऑगस्ट २००५ रोजी हदिथाजवळ मिळाला. मरीन कोअर या समुद्रातून किनाऱ्यावर उतरणाऱ्या अमेरिकी दलाचे वीस टनांहून कितीतरी जड असे उभयचर चिलखती वाहन रस्त्यात पुरलेल्या स्फोटकांवर गेले. आतले १४ मरीन सैनिक आणि त्यांचा दुभाष्या मारले गेले. समुद्रातून किनाऱ्यावर उतरण्यासाठी बांधलेले ते वाहन हमवीच्या कितीतरी पट जड होते, पण त्याचा तळ सपाट होता. जहाजावरून किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या वाहनाला वाळवंटी शहरांच्या रस्त्यांवर गस्तीसाठी वापरले, आणि त्याची किंमत त्या पंधरा घरांनी मोजली.

तीस वर्षे जुने उत्तर

व्ही आकाराचा तळ हा अमेरिकेचा शोध नव्हे. १९७० च्या दशकात ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, गनिमी सैनिक मातीच्या रस्त्यांत सोव्हिएत बनावटीचे रणगाडाविरोधी सुरुंग पेरत होते. देशावर निर्बंध होते, नवी लष्करी वाहने मिळत नव्हती. तिथल्या कारागिरांनी ट्रकच्या आणि फोक्सवॅगनच्या भागांवर व्ही आकाराचे पोलादी कोष, म्हणजे माणसे आत बसतात तो बंद सांगाडा, बसवून गाड्या बनवल्या. ‘पूकी’ नावाची सुरुंगशोधक गाडी फोक्सवॅगनच्या इंजिनावर चालायची आणि तिला इतके रुंद, मऊ टायर होते की सुरुंगावरून गेली तरी तो सहसा फुटत नसे. मला या गाडीबद्दल नेहमी आदर वाटत आला आहे. ज्या राजवटीसाठी ती बनली तिची बाजू घेण्याचे कारण नाही, पण धोका नेमका ओळखून हाताशी असलेल्या सामानातून दिलेले इतके अचूक उत्तर अभियांत्रिकीत क्वचित दिसते.

दक्षिण आफ्रिकेने हेच ज्ञान पुढे नेले. हिप्पो, बफेल, मग कॅस्पिर. कॅस्पिर चाकाखाली तीन किंवा कोषाखाली दोन टीएम-५७ हे सोव्हिएत सुरुंग एकाच वेळी फुटले तरी आतल्यांना वाचवेल अशी बांधली होती. असा एकेक सुरुंग सहा किलोहून जास्त टीएनटीचा. तिच्याच वंशातून मांबा आणि पुढे आरजी-३१ आली. १९९० च्या दशकात या गाड्या शांतिसेनांनी वापरल्या, निर्यात झाल्या. आफ्रिकेतल्या सुरुंगतज्ज्ञांपैकी काही जण अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनामधील फोर्स प्रोटेक्शन या छोट्या कंपनीत आले आणि तिथे बफेलो आणि कौगर या गाड्या तयार झाल्या.

आणि त्या इराकमध्ये होत्या! बफेलो २००३ पासून, कौगर २००४ पासून. स्फोटके निकामी करणाऱ्या तुकड्यांकडे त्या दिल्या होत्या, संख्येने अगदी थोड्या. म्हणजे एकाच रस्त्यावर बॉम्ब शोधायला जाणारा सैनिक व्ही आकाराच्या तळावर बसलेला आणि त्याच्या मागून गस्तीला जाणारा सैनिक सपाट तळावर, हे चित्र रोजचे होते.

१७ फेब्रुवारी २००५

या तारखेला पश्चिम इराकमधल्या मरीन तुकड्यांकडून एक तातडीची मागणी वर पाठवली गेली. १,१६९ सुरुंगरोधक गाड्या हव्यात, असे त्यात लिहिले होते. मागणीचा सूर असा होता, की बाजारात तयार उपाय उपलब्ध असताना या गतीने माणसे गमावणे चालणार नाही. तातडीच्या मागण्यांसाठी ठरवलेली खास प्रक्रिया अस्तित्वात होती आणि मागणी त्याच वाटेने गेली.

ती तिथेच अडकली. मरीन कोअरने २००५ मध्ये ठरवले की सगळ्या हमवी एम-१११४ दर्जाच्या करायच्या. मूळ मागणी औपचारिकपणे नाकारलीही गेली नाही आणि मंजूरही झाली नाही. डिसेंबर २००८ मध्ये संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला. सुरुंगांचा धोका आणि सुरुंगरोधक गाड्यांची उपलब्धता या दोन्ही गोष्टी खात्याला २००३ च्या आधीपासून ठाऊक होत्या, तरी त्या घेण्यासाठी गरज निश्चित केली नाही आणि पैसाही ठेवला नाही, असे त्यात नोंदवले आहे. मरीन कोअरमधलेच एक नागरी वैज्ञानिक फ्रान्झ गेल यांनी हा उशीर उघड केला. त्याची किंमत त्यांना नोकरीत मोजावी लागली.

हे का झाले, याचे सोपे उत्तर म्हणजे बेपर्वाई. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण मग हे पुन्हा घडणार नाही अशी खोटी खात्री वाटू लागते. कागद ज्या टेबलांवर पडून होता तिथल्या माणसांकडे कारणे होती, आणि प्रत्येक कारण सुटे पाहिले तर बिनबुडाचे नव्हते.

सर्वांत मोठे कारण काळाबद्दलच्या अंदाजाचे. युद्ध लवकर आटोपेल, वर्षभरात सैन्य कमी होईल, असे २००४, २००५ आणि २००६ या तिन्ही वर्षी धरले गेले. गाड्या बनेपर्यंत युद्ध संपेल मग कशाला, हा युक्तिवाद तीनदा केला तर तिसऱ्यांदाही तो पहिल्यांदाइतकाच पटतो. दुसरे, या गाड्या कुठल्याच दलाच्या भविष्यात बसत नव्हत्या. मरीन कोअरला जहाजातून नेता येतील अशा हलक्या गाड्या हव्या होत्या, लष्कर हमवीच्या जागी येणाऱ्या नव्या गाडीची आखणी करत होते. आज पंधरा टनांची गाडी घेतली तर उद्याच्या गाडीचा पैसा जाईल, ही भीती खरी होती. तिसरे, बनवणारी कंपनी लहान होती आणि ती हजार गाड्या वेळेत देईल याचा भरवसा नव्हता.

पण या सगळ्या कारणांत एका बाजूचे पात्र अनुपस्थित आहे. आज संध्याकाळी रमादीत गस्तीला निघणारा सैनिक कुठल्याच हिशेबात नाही. त्याच्यासाठी हिशेब करणारे पद खात्यात कुणाकडेच नव्हते, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे.

२००७ : एका माणसाचा निर्णय

२००६ च्या मध्यावर पश्चिम इराकमधल्या अनबार प्रांतातल्या तुकड्यांनी पुन्हा मागणी केली. आधी १८५ गाड्यांची, मग आणखी हजारांची. या वेळी ती पुढे सरकली आणि जानेवारी २००७ मध्ये नऊ कंपन्यांशी करार झाले. तरी वेग मंदच होता. डिसेंबर २००६ मध्ये रॉबर्ट गेट्स संरक्षणमंत्री झाले. एप्रिल २००७ मध्ये त्यांनी ‘यूएसए टुडे’मध्ये वाचले की अनबारमध्ये मरीन कोअरच्या सुरुंगरोधक गाड्यांवर २००६ च्या सुरुवातीपासून तीनशेच्या आसपास हल्ले झाले आणि त्या गाड्यांतला एकही मरीन मेला नाही. देशाच्या संरक्षणमंत्र्याला ही माहिती वर्तमानपत्रातून मिळावी, यावर वेगळी टिप्पणी नको. वरिष्ठ वर्तुळात या खरेदीबद्दल फारसा कुणालाच उत्साह नव्हता, असे गेट्स यांनीच नंतर लिहिले आहे.

मे २००७ च्या सुरुवातीला त्यांनी एमरॅप, म्हणजे या सुरुंगरोधक गाड्या, ही खात्याची सर्वोच्च प्राधान्याची खरेदी असल्याचा आदेश काढला. जूनमध्ये तिला राष्ट्रीय प्राधान्याचा तो दर्जा मिळाला, ज्यामुळे पोलाद, टायर, सुटे भाग यांच्यावर या गाड्यांचा पहिला हक्क आला. हे नुसते कागदी नव्हते. चिलखती दर्जाचे पोलाद बनवणारे कारखाने देशात मोजकेच होते आणि इतक्या मोठ्या टायरांचा पुरवठा तर एकाच कंपनीच्या हाती होता. अनेक कंपन्यांना एकाच वेळी काम दिले गेले: कौगर, मॅक्सप्रो, कायमन, आरजी-३३, आरजी-३१. लष्कराच्या ॲबर्डीन इथल्या चाचणी मैदानावर प्रत्येक नमुना उडवून पाहिला गेला. जे नापास झाले त्यांची मागणी रद्द झाली. तयार गाड्या साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला जायच्या, तिथे त्यांच्यात वायरलेस संच आणि रिमोटचे संदेश रोखणारे जॅमर बसवले जायचे, आणि तिथून कित्येक गाड्या मालवाहू विमानांनी थेट आखातात. एवढी जड गाडी विमानाने पाठवणे म्हणजे जहाजाच्या खर्चाच्या कितीतरी पट, पण गेट्स यांनी तो मान्य केला. वर्षाच्या मध्याला महिन्याला शंभरही न होणारे उत्पादन डिसेंबरपर्यंत हजारावर पोहोचले.

पाच वेगवेगळ्या गाड्या म्हणजे पाच प्रकारचे सुटे भाग, पाच प्रकारची दुरुस्ती, पाच प्रकारचे प्रशिक्षण. कुठल्याही रसद अधिकाऱ्याला हे दुःस्वप्नच वाटेल. इथे मात्र तो भार जाणूनबुजून उचलला, कारण एकच उत्तम गाडी निवडायला वर्ष लागले असते. या निर्णयातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. कमतरता आधी माहीत करून घेतली आणि वेळेसाठी ती पत्करली.

गाड्यांनी काय केले, काय नाही

जानेवारी २००८ मध्ये बगदादच्या आग्नेयेला एका मॅक्सप्रोखाली मोठा स्फोट झाला आणि वर उभा असलेला बंदूकधारी सैनिक मरण पावला. आयईडीच्या हल्ल्यात लष्कराच्या या नव्या गाडीतला हा पहिला मृत्यू म्हणून नोंदला गेला. आतले तिघे वाचले. कोष फुटला नव्हता. त्या सैनिकाच्या घरच्यांसाठी या तपशिलाला अर्थ नाही, पण रचनेच्या दृष्टीने तो बरेच सांगतो. कोषाने काम केले. कोषाबाहेर अर्धे शरीर ठेवून उभा राहणारा माणूस असुरक्षितच राहिला. पुढे गाडीच्या आतून पडद्यावर पाहून चालवायची बंदूक अधिकाधिक गाड्यांवर आली, ती यासाठी.

दोष लगेच दिसू लागले. व्ही जितका खोल तितका बसायचा मजला उंच, मजला उंच तितका गुरुत्वमध्य वर, आणि गुरुत्वमध्य वर गेला की गाडी कलंडते. इराकमधले कालव्याकाठचे रस्ते मातीचे आणि अरुंद. सतरा टनांखाली कड ढासळायची. २००८ मध्ये अफगाणिस्तानात कंदाहार भागात एक आरजी-३१ पाण्यात उलटून विशेष दलाचे तीन सैनिक बुडून मेले. गाडी उलटली तर पट्टा कसा सोडायचा, दरवाजा कसा उघडायचा, याचा सराव देणारी फिरती यंत्रे मग तळांवर बसवली गेली. शहरांत खाली लोंबणाऱ्या विजेच्या ताराही उंच गाड्यांवर अडकायच्या. नोव्हेंबर २००७ मध्येच मरीन कोअरने आपली मागणी ३,७०० वरून सुमारे २,३०० वर आणली. गाडी फार जड आहे आणि सैनिकांना लोकांपासून तोडते, ही त्यांची तक्रार होती. ती खोटी नव्हती.

आणखी एक शस्त्र असे होते ज्याच्यापुढे व्ही आकार निरुपयोगी ठरे. तांब्याची खोलगट तबकडी, मागे स्फोटक. फुटल्यावर तबकडीचा गोळा होऊन तो सेकंदाला सुमारे दोन किलोमीटरच्या वेगाने बाजूने गाडीत घुसतो. हे यंत्र इंजिनाची उष्णता ओळखणाऱ्या सेन्सरने सुटायचे. सैनिकांनी गाडीपुढे लांब दांड्यावर तापवलेला डबा लावला, म्हणजे सेन्सर आधीच सुटेल आणि गोळा रिकाम्या जागेतून जाईल. हल्लेखोरांनी तितके अंतर धरून यंत्र तिरके लावायला सुरुवात केली. बाजूचे चिलखत वाढवले की वजन पुन्हा वाढले.

किती जीव वाचले? अधिकृत आकडे हजारांत सांगितले गेले, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. २०१२ मध्ये ख्रिस रोल्फ्स आणि रायन सुलिव्हन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी लष्कराच्याच नोंदींवरून वेगळा निष्कर्ष मांडला. साध्या गाड्यांच्या जागी चिलखती हमवीसारख्या मध्यम गाड्या आल्या तेव्हा मृत्यू स्पष्टपणे घटले. पण मध्यमच्या जागी एमरॅप आल्याने तुकड्यांमधल्या मृत्यूंत फारसा फरक दिसला नाही, आणि एमरॅप तिपटीने महाग. त्यांचा मुद्दा गंभीरपणे घ्यावा लागतो. २००७ मध्ये बरेच काही एकाच वेळी बदलत होते. जादा सैन्य आले होते, अनबारमधल्या टोळ्या बंडखोरांविरुद्ध गेल्या होत्या, स्फोटके पेरणाऱ्यांचाच बंदोबस्त होत होता. या सगळ्यातून एकट्या गाडीचा वाटा वेगळा काढणे कठीण आहे.

तरी मी गेट्स यांच्या निर्णयाच्या बाजूने आहे. स्फोट गाडीखाली झाल्यावर आतला माणूस जगण्याची शक्यता सपाट तळापेक्षा व्ही तळात जास्त, यावर भौतिकशास्त्रात वाद नाही. तुकड्यांच्या सरासरीत तो फरक पुसट होतो, कारण एकच सैनिक पुढे पायी गस्त घालतो, दुसऱ्या हल्ल्यात सापडतो, आणि बंडखोरही स्फोटक मोठे करतात. २७ हजारांहून अधिक गाड्या आणि ५० अब्ज डॉलरच्या जवळपास खर्च. यावर खरी टीका व्हायला हवी ती उशिराची. हीच खरेदी २००५ मध्ये, १,१६९ गाड्यांपासून सुरू झाली असती, तर खर्च कमी लागला असता, आणि त्या दोन वर्षांत सपाट तळाच्या गाड्यांतून गस्तीला गेलेल्यांपैकी काही जण घरी परतले असते.

अफगाणिस्तान आणि त्यानंतर

अफगाणिस्तानात चांगले रस्ते फारसे नव्हते, तेव्हा इराकच्या गाड्या डोंगरात अडकल्या. जून २००९ मध्ये ऑशकॉश कंपनीला एम-एटीव्ही या हलक्या एमरॅपचे काम मिळाले. वजन बारा टनांच्या आसपास, प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन, तळ मात्र व्ही आकाराचा. २००९ मध्ये कंदाहार भागात सपाट तळाच्या स्ट्रायकर या आठ चाकी चिलखती वाहनांनी मोठी हानी सोसली होती. २०११ मध्ये दुहेरी व्ही तळाची स्ट्रायकर तिथे उतरली. या वेळी मागणी आणि गाडी यांच्यातले अंतर पुष्कळ कमी होते, आणि हे इराकमधल्या अनुभवामुळेच झाले. तालिबानने खतापासून बनवलेली शेकडो किलोंची स्फोटके पुरून त्याला उत्तर दिले, ज्यांच्यापुढे कुठलाच तळ टिकत नाही.

२०२२ पासून अमेरिकेने युक्रेनला शेकड्यांनी मॅक्सप्रो गाड्या दिल्या. सुरुंगाने पेरलेल्या झापोरिझियाच्या शेतांत त्यांच्या तळाने काम केले, चालकदल कित्येकदा चालत बाहेर पडले. पण ही गाडी गस्तीसाठी बांधलेली आहे, तोफखान्याच्या माऱ्यात हल्ला करण्यासाठी नाही, आणि तिथे तिला दोन्ही कामे करावी लागली. शिवाय धोक्याची दिशा पुन्हा बदलली. चष्म्यातून पाहत चालवलेले छोटे ड्रोन रणगाडाविरोधी स्फोटक घेऊन छतावर, मागच्या दारावर, इंजिनाच्या झाकणावर उतरतात. तिथे या गाडीचे चिलखत सर्वांत पातळ आहे. कारण सरळ आहे. इराकमध्ये छतावर मारणारे फारसे कुणी नव्हते, आणि उंच गाडीच्या माथ्यावर वजन टाकले की ती आणखी लवकर उलटते. छतावर जाळ्या आणि पिंजरे लावता येतात, कारण ते हलके असतात. जाड पोलाद लावता येत नाही. म्हणून आता छताचे काम जॅमरवर, ड्रोन पाडणाऱ्या छोट्या बंदुकांवर आणि त्यांना दिशा देणाऱ्या रडारवर सोपवण्याचे प्रयत्न चालू आहेत. जॅमरला उत्तर म्हणून बारीक काचतंतूच्या तारेवर चालणारे ड्रोनही आघाडीवर आले आहेत, आणि त्यांच्यावर जॅमरचा काहीच परिणाम होत नाही.